बोटभर सरकलेला चेंडू

१२ सप्टेंबर १९९५, मंगळवार

ह्यांच्या डायरीत लिहायला बसले आहे. चांगली कोरी पानं वाया घालवायची आमच्या घरात पद्धत नाही. ५ मार्चपर्यंत ह्यांचं मुंगीसारखं अक्षर, मग सहा महिने काहीच नाही, आणि आता माझं हे फताडं. ह्यांच्या पानांवर नुसते गोल्फचे आकडे. बायकोबद्दल एक अक्षर नाही. मी सगळं चाळून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

मला ह्या खेळाचं कौतुक कधीच नव्हतं. लिंबाएवढा चेंडू काठीनं मैलभर हाकत न्यायचा आणि शेवटी बिळात घालायचा, ह्याला खेळ म्हणणारी माणसं रिकामटेकडीच असणार. दर रविवारी ह्यांनी ओढून नेलं म्हणून दहा वर्षांत थोडंफार जमायला लागलं, इतकंच. पण क्लबची चिठ्ठी आली की दिवंगत सभासदाच्या पत्नीला यापुढेही खेळायला येता येईल, आणि इथे घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. परवा कुकरची शिट्टी झाली तर मी आतून "आले आले" म्हणून ओरडले. तेव्हाच ठरवलं, मंगळवारी बायकांचा खेळ असतो तिथे जायचं.

गेले. बाराजणी होत्या. सगळ्यांनी मला फार अदबीनं "मिसेस सबनीस" म्हटलं आणि आपापल्या दोघीदोघी, तिघीतिघी मिळून चालू लागल्या. उरल्या अहल्याअक्का. इथल्याच, बंगलोरातल्या चामराजपेटच्या, सत्तरीच्या, घराणं मराठी पण तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. ऑगस्टमध्ये त्यांचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे त्यांचा चेंडू शोधत कोण हिंडणार म्हणून त्यांना कोणी जोडीला घेत नाही. मला म्हणाल्या, "विमला ना तू? सरी, आपण दोघी जाऊ." सरी म्हणजे कानडीत बरं. त्यांचं प्रत्येक वाक्य सरीनं सुरू होतं नाहीतर सरीनं संपतं.

इथली रीत अशी की आपलं कार्ड आपण लिहायचं नाही. माझे फटके अक्कांनी लिहायचे, त्यांचे मी, शेवटी दोघींनी सह्या करायच्या. जिचे फटके कमी ती जिंकली. पंच वगैरे कोणी नसतो. चुकलं तर आपणच सांगायचं आणि आपणच आपल्याला एक फटका दंड लावायचा. हे म्हणायचे, ह्या खेळात चोरही आपण आणि पोलीसही आपणच.

खेळ संपल्यावर बाकीच्या लांब टेबलाशी जाऊन बसल्या. अक्कांची रिक्षा थांबली होती, त्या गेल्या. मी कोपऱ्यात एकटीनं लिंबू-सोडा प्यायले आणि घरी येऊन वाटीभर भात टाकला.

२१ सप्टेंबर, गुरुवार

गणपती दूध पितोय म्हणे. सकाळपासून सगळं बंगलोर वाट्या घेऊन रांगेत. मीही गेले कोपऱ्यावरच्या देवळात, दोन तास उभी होते. माझ्या चमच्यातलं दूध सोंडेवरून सरळ खाली ओघळलं. मागच्या बाईनं विचारलं, प्यायला का? मी म्हटलं, प्यायला की. सगळ्यांचे चेहरे इतके उजळले होते, मीच कशाला मिठाचा खडा टाकू? ती बाई मग माझ्याशी फाटकापर्यंत बोलत आली.

अक्कांना फोनवर सांगितलं. त्याही त्यांच्या पेटेतल्या देवळात गेल्या होत्या. म्हणाल्या, त्यांचं दूध डाव्या पायाशी वाहिलं, दोऱ्याएवढी धार होती, आणि पुजारी फडक्यानं टिपत होता. हे त्यांनी तिथे सगळ्यांदेखत सांगितलं म्हणे. मग रांगेतल्या बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. मनात म्हटलं, काय बाई ही. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि धारा कसल्या मोजतेय.

८ ऑक्टोबर, रविवार

मुग्धाचा पुण्याहून फोन. आई, तिकडे एकटी काय करतेस, इकडे ये. लेकीची तीन खोल्यांची जागा, त्यात तिचे सासूसासरे. मी त्यांच्यात कोणत्या कोनाड्यात बसू? म्हटलं, मला इथे खूप मैत्रिणी आहेत, मंगळवारची तर मी वाटच बघत असते. वाट बघते हे खरं आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ग्रहण, त्यात दिवाळी. क्लबवर कोणी नाही. मंगळवार बुडाला.

चकल्या केल्या. चकलीचं कमीत कमी प्रमाणसुद्धा चार माणसांचं असतं, एकटीपुरती भाजणी मळताच येत नाही. उद्या पाडवा. ओवाळायला कोणी नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

कप जिंकले! बायकांचा वर्षाचा कप. कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट असते, माझी सूट भरपूर, आणि आज काठी हातात अशी बसली की काही विचारू नका. नीलिमाला एका फटक्यानं मागे टाकलं. नीलिमा आमच्यातली सगळ्यात चांगली खेळणारी, चाळिशीची, मुंबईची. लांब टेबलाच्या मधोमध मला बसवलं. बाराहीजणी "विमला, विमला" करत होत्या. माझं नाव ह्या सगळ्याजणींना माहीत होतं तर!

आता ते लिहिते. डायरीत नाही लिहायचं तर कुठे.

सातव्या होलवर, म्हणजे सातव्या बिळाकडे जाताना, चेंडू निलगिरीच्या झाडांखाली गेला. शेजारी सोललेली साल पडली होती, ती मी उचलली, आणि चेंडू सरकला. बोटभर. फार तर दीड बोट. ह्याला एक फटका दंड आहे, आणि चेंडू जागेवर ठेवायचा. हे मला पाठ आहे, ह्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. मी मान वर केली. अक्का दहा पावलांवर उभ्या, वर बघत होत्या. म्हणाल्या, "घार बघ विमला, दुसऱ्या फांदीवर. चोचीत काडी आहे." मी पाहिलं, मला तर घारही दिसली नाही. मग मी फटका मारला.

होल संपल्यावर अक्कांनी पेन्सिल काढली. सातव्यावर किती? मी म्हटलं, पाच. त्यांची पेन्सिल थांबली. "पाच?" मी म्हटलं, पाच. "सरी," म्हणाल्या आणि लिहिलं. बिचाऱ्यांना मोजता आले नसणार.

तेव्हा कप मिळेल हे काय ठाऊक होतं? उगाच एवढ्या तेवढ्यावरून थांबवून नियम सांगत बसायचं, म्हणून गेले पुढे. एक बोट म्हणजे काय असतं?

१६ नोव्हेंबर, गुरुवार

क्लबची रीत आहे, जिंकणारीनं पुढच्या मंगळवारी सगळ्यांना आपल्या घरी खायला बोलवायचं. आज पडदे धुतले. कपबशा अकराच निघाल्या, बारावीला ह्यांचा चहाचा मोठा मग देईन. कोथिंबीर वडी, मसालेभात, सुधारस. पाच जणींचे फोन येऊन गेले, काय आणू विचारायला. फोनजवळ खुर्चीच ओढून ठेवली आहे.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

दाराबाहेर बारा जोडी चपला. मी दोनदा काहीतरी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन बघून आले.

वड्या पुरल्या नाहीत, पुन्हा तळल्या. नीलिमाच्या ब्लाउजचा हूक तुटला तर अक्कांनी माझ्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली, पहिल्याच खेपेला दोरा ओवला आणि अंगावरच लावून दिला. हसून हसून माझं पोट दुखलं. ह्या घरात मार्चनंतर इतका आवाज झाला नव्हता.

निघताना नीलिमा टीव्हीवर ठेवलेल्या कपापाशी थांबली. तिच्या नवऱ्याची बदली विशाखापट्टणला झाली आहे, बावीस डिसेंबरला जाणार. सहा वर्षं ती ह्या कपासाठी खेळतेय, तीनदा दुसरी आली, आता चौथ्यांदा. तिथे गोल्फ आहे की नाही तेही माहीत नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "इट्स ओके विमलाताई. तुमच्याकडे गेला ना, मला बरं वाटलं."

सगळ्या गेल्यावर कपबशा तशाच ठेवल्या. विसळायला घेतल्या असत्या तर सगळं संपलंच असतं.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

लांब टेबलाशी माझी खुर्ची राखून ठेवली होती. अक्कांनाही मीच बोलावून घेतलं. रंगारी भिंतीवरच्या, कप जिंकणाऱ्यांच्या पाटीवर माझं नाव काढत होता, "विम"पर्यंत झालं होतं. सगळ्या म्हणाल्या, बघ बघ. मी पाणी प्यायला उठले.

अक्कांनी जाताना विचारलं, काय गं, बरी आहेस ना? काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही हो अक्का, पित्त झालंय. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. बिचाऱ्या सहज विचारत होत्या.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज एक जुनी गोष्ट लिहिते. ती लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही असं दिसतंय.

१९८१. ह्यांच्या कारखान्याची स्पर्धा, शेवटचा दिवस. हे पहिले येणार हे ठरल्यासारखं होतं. मी नवी नारायणपेठ नेसून पुढच्या खुर्चीत. शेवटच्या होलवर ह्यांनी चेंडूमागे काठी टेकवली आणि थांबले. हात वर केला. चेंडू हलला म्हणाले, मला एक दंड. समोरच्या गृहस्थांना काही दिसलं नव्हतं, ते म्हणाले, सोडा हो सबनीस. ह्यांनी सोडलं नाही. एका फटक्यानं हरले.

गाडीत मी एवढंच विचारलं, "कोणी पाहिलं होतं का?" हे म्हणाले, "मी पाहिलं ना." मग मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. चार दिवस. मी ताट वाढायचे, आदळायचे, आत जायचे. हे मुकाट्यानं जेवायचे, ताट उचलून मोरीत नेऊन ठेवायचे. पाचव्या दिवशी पाहुणे आले म्हणून बोलले. चुकलं माझं, असं मात्र कधी म्हटलं नाही. चौदा वर्षं होती म्हणायला.

ह्यांचं शेवटचं पान उघडलं. ५ मार्च, रविवार. "तिसरा होल. चेंडू हलला. दंड १." त्या दिवशी ह्यांच्याबरोबर मीच होते. मी काही पाहिलं नव्हतं.

आता सांगायचं कसं? सांगितलं तर ती खुर्ची गेली, फोन गेले, मंगळवार गेले. मग मी आणि घड्याळ. नाही सांगितलं तर नीलिमा बावीसला जाणार, रिकाम्या हातानं. देवा, एका बोटाचं केवढं करून ठेवलंस.

५ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं.

चहा आला होता. मी उभी राहिले आणि सातव्या होलचं सगळं सांगून टाकलं, निलगिरीच्या सालीसकट. म्हटलं, माझा एक फटका वाढवा, म्हणजे नीलिमा आणि मी बरोबरीत, तिला हवं तर आम्ही पुन्हा खेळू. मला खरंच वाटत होतं की इतकंच आहे.

आमच्या कॅप्टनबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. बोलायला फार चांगली बाई. म्हणाल्या, तिथल्या तिथे सांगितलं असतंत तर एकच फटका होता. माहीत असून कार्डावर सही केलीत, आता फटक्याचा प्रश्न नाही, तुम्ही स्पर्धेतूनच बाद. कप नीलिमाचा. मग म्हणाल्या, तुम्ही स्वतःहून सांगितलंत ह्याचं कौतुक आहे, मिसेस सबनीस.

मिसेस सबनीस. मला तेवढंच ऐकू आलं.

कोणी वाईट बोललं नाही. एकजण हळूच म्हणाली की आपण हिच्या घरी वड्या खाऊन आलो. बाकीच्या बशीत बघत होत्या. अक्का माझ्या शेजारीच होत्या. त्यांना म्हटलं, तुमचा काही दोष नाही अक्का, तुम्हाला दिसलंच नव्हतं. त्यांनी माझा गार झालेला चहा पुढे सरकवला.

९ डिसेंबर, शनिवार

नीलिमा कप न्यायला आली. मी तो चिंचेनं घासून लख्ख करून ठेवला होता. चहा ठेवते म्हटलं तर खाली ड्रायव्हर थांबलाय म्हणाली. पिशवीत घातला. दारात घुटमळली, काहीतरी म्हणणार होती, मग "थँक यू, मिसेस सबनीस" म्हणून गेली.

टीव्हीवर धुळीत गोल राहिलाय. पुसला नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

गेले नाही. दंड म्हणून एक वर्ष मंगळवार बंद, असं मीच ठरवलं. काठ्या माळ्यावर टाकल्या. फोनजवळची खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

मुग्धाला म्हटलं, जानेवारीत येते पुण्याला. किती दिवस, तिनं विचारलं. मी म्हटलं, बघू.

१९ डिसेंबर, मंगळवार

आज कोणाशी बोलायचं नाही असं ठरवून बसले होते. म्हणजे तसंही कोणी नव्हतंच. दहाच्या सुमाराला रिक्षा थांबली. अहल्याअक्का, हातात पिशवी, जिना चढून धापा टाकत. चामराजपेटहून इतक्या लांब, सत्तरीच्या बाईनं! म्हणाल्या, स्वल्प पाणी दे आधी. मग पिशवीतून चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा काढला आणि विचारलं, काठ्या कुठे आहेत?

मी वर्षभराच्या दंडाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दंड एका फटक्याचा. फार तर कप गेला. वर्ष कुठून आणलंस?"

"माझ्या मनाला लागलंय, अक्का."

"कमी लिहिलं तर खोटं. मग जास्ती लिहिलं तर खरं होतं काय, विमला?"

मला रडू आलं. हे गेले तेव्हा दारात माणसं होती म्हणून नीट रडताच आलं नव्हतं, ते आज आलं. एक्क्याऐंशी सालचे चार दिवसही त्यांना सांगितले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही की काही नाही, ताटल्या मांडल्या, चित्रान्न वाढलं. म्हणाल्या, ते ज्याचं त्याला सांग, मला नको. जेवून झाल्यावर म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी ये, माझं कार्ड लिहायला कोणी नाही. मी म्हटलं, बाकीच्या आहेत की. म्हणाल्या, दुसऱ्या कोणाच्या हातचं मला नको.

खरंच आहे. त्यांना दिसत नाही, दुसरी कोणीतरी काहीतरी लिहून द्यायची. त्यांच्या डोळ्यांसाठी म्हणून जाईन.

संध्याकाळी ह्यांच्या फोटोसमोर उभं राहून म्हटलं, चुकलं माझं. मोठ्यानं म्हटलं. घरात दुसरं कोणी नव्हतं हे एका परीनं बरंच.

२६ डिसेंबर, मंगळवार

गेले. पाटीवर माझ्या नावाच्या जागी नीलिमाचं नाव, रंग अजून ओला दिसतो. लांब टेबलावरून दोघीतिघींनी मान हलवली. माझी खुर्ची तिथे नव्हती. नीलिमा गेली शुक्रवारी.

मी खेळले नाही, नुसती अक्कांबरोबर पेन्सिल घेऊन चालले. ऊन छान होतं. सातव्या होलवर त्यांचा चेंडू त्याच निलगिऱ्यांखाली गेला. तिथे थांबून त्या वर बघायला लागल्या. म्हणाल्या, घारीचं घरटं पुरं झालं बघ, मधे लाल चिंधी पण विणलीये. मी कपाळावर हात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं, तेव्हा कुठे एक काळा ठिपका दिसला. चिंधी काही मला दिसली नाही.

मी विचारलं, "अक्का, तुम्हाला इतक्या लांबचं दिसतं?"

"ऑपरेशननंतर सगळं दिसतं. पहिल्या आठवड्यापासून."

मी तिथेच उभी राहिले. साल, चेंडू, दहा पावलं. ती थांबलेली पेन्सिल. सुईतला दोरा. गणपतीपुढची दोऱ्याएवढी धार. मी एवढी शहाणी समजते स्वतःला, आणि बिचारी कोणाला म्हणत होते?

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"चेंडू तुझा होता," त्या म्हणाल्या. "मी दोनदा विचारलं."

मग त्यांनी काठी टेकवली, मारला, आणि आम्ही चेंडूमागून चालत गेलो. होल संपल्यावर माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लिही, किती झाले माझे? मी एकेक फटका आठवून बोटांवर मोजला, दोनदा मोजला. सहा, म्हटलं.

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि कार्डाकडे न बघता पुढे चालू लागल्या.